जुना लॅपटॉप: आधी एसएसडी की आधी रॅम?

मागवाला
नमस्कार मंडळी. लॅपटॉप २०१५ सालचा आहे. आय५ पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे, त्याचा सगळा हिशेब यावरच चालतो. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल आणि व्यापाऱ्यांचं व्हॉट्सॲप, बास. सकाळी बटण दाबून देवपूजा उरकतो तरी डेस्कटॉप आलेला नसतो. टॅली चालू असताना क्रोम उघडलं तर माऊससुद्धा जागचा हलत नाही.

दोन दुकानांत विचारलं. एकाने एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क) आणि ८ जीबी रॅम मिळून साडेसहा हजार सांगितले. दुसरा म्हणाला, "दादा, यात पैसे घालू नका, भंगारात द्या आणि नवा घ्या." नवा घ्यायचा नाहीये. कीबोर्ड, स्क्रीन ठणठणीत आहेत. सध्या चारेक हजार घालायची तयारी आहे, म्हणजे दोन्हीपैकी एकच होईल. आधी काय करू?

शेंगाचटणी
एसएसडी. डोळे झाकून. पुढचा प्रश्न?

काय_बे
पूजा उरकते म्हणजे लॅपटॉप पुण्याचं काम करूलालाय की. बदलताय कशाला?

जुळेसोलापूरकर
शेंगाचटणी म्हणतात ते बरोबर निघेलही, पण डोळे उघडे ठेवूनच बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जा. लॅपटॉप अडकलेला असताना डिस्क किती टक्के आणि मेमरी, म्हणजे रॅम, किती टक्के, ते इथे लिहा. मेमरीवर क्लिक केलं की खाली 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं, तेही लिहा. एक स्लॉट रिकामा असेल तर आत्ताची रॅम काढून टाकावी लागणार नाही.

मागवाला
बघितलं. डिस्क १०० टक्के, हलतच नाही. मेमरी ९० च्या आसपास. स्लॉट २ पैकी १ वापरात. वेग १६०० मेगाहर्ट्झ.

शेंगाचटणी
म्हटलं नव्हतं?

बार्शीलाईट
का ते सांगतो, म्हणजे दुकानदार काहीही म्हणाला तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे फिरते. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते डोकं योग्य पट्टीवर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. एका तुकड्यामागे सोळा-सतरा झाले, म्हणजे सेकंदाला फार तर साठेक तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली डिस्कच्या कानाकोपऱ्यांतून गोळा करतं, वर अँटीव्हायरस आणि अपडेट तेव्हाच जागे होतात. मग पूजा होणार नाही तर काय? तुमच्या भाषेत सांगायचं तर माग चांगला आहे, पण कांड्या आणून देणारा एकच म्हातारा आहे आणि तो कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसलाय.

एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. साधी साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) एसएसडीसुद्धा सेकंदाला असे हजारो तुकडे देते. खोक्यावर ५५० एमबी लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. तो आकडा एक मोठी फाइल सलग वाचतानाचा, साटाची वेस तिथेच संपते म्हणून सगळ्या कंपन्यांचा जवळपास सारखाच. तुमच्या रोजच्या कामात फरक पडणार तो बारीक फायलींमुळे.

मागवाला
कळलं. म्हाताऱ्याला पेन्शन देऊन टाकतो.

पेन्शनर
शीर्षक वाचून आत आलो, आता आमच्याच नावाने विनोद चाललेत.

हिशेबताई
माझं मत वेगळं आहे. मी रिटर्न भरायची कामं करते, माझ्याकडे दोन असेच लॅपटॉप आहेत. ४ जीबीत विंडोज स्वतःच दोन-अडीच जीबी खातं. वर टॅली आणि क्रोमचे आठ टॅब. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवायला लागतं, पेज फाइलमध्ये. म्हणजे डिस्क १०० टक्के दिसते ती रॅम कमी पडते म्हणून. मूळ दुखणं रॅमचं, ताप दिसतोय डिस्कला. त्यात डीडीआर३एल, म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या पिढीची रॅम, तिची ८ जीबीची पट्टी एसएसडीपेक्षा स्वस्त पडते. रॅम आधी.

जुळेसोलापूरकर
ताईंचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. मी वर नुसता डिस्कचा आकडा मागितला, त्यावरून हे दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

बार्शीलाईट
वेगळे करता येतात. मागवाला, पूर्ण बंद करून चालू करा. काहीही उघडू नका, टॅली नाही, क्रोम नाही, फक्त टास्क मॅनेजर. तेव्हा मेमरी निम्म्याला असून डिस्क १०० वर खिळलेली असेल तर दोष डिस्कचाच. डिस्क शांत असेल आणि क्रोम उघडल्यावरच उसळत असेल तर ताई बरोबर.

मागवाला
करून बघितलं. काही न उघडता डिस्क १०० वर, चहा होईपर्यंत तशीच. मेमरी ५५ टक्के. मग क्रोम आणि टॅली उघडल्यावर मेमरी ९० झाली आणि डिस्क पुन्हा १००.

हिशेबताई
मग दोन्ही बरोबर. पण आधी एसएसडी घ्या, मान्य. रॅम मात्र फार लांबवू नका. एसएसडी बसल्यावर ते रॅमचं दुखणं झाकलं जातं, कारण पेज फाइलही वेगात चालते. लोक मग रॅमचं विसरून जातात आणि महिनाअखेरीला पुन्हा शिव्या घालतात.

होटगीरोड
एक विचारायचं राहिलं. लॅपटॉप कारखान्यात, मागाजवळ वापरता का?

मागवाला
ऑफिस वेगळं आहे, पण दार उघडंच असतं. तंतू येतातच.

होटगीरोड
मग उघडताय तेव्हाच पंखा साफ करून घ्या. टेरी टॉवेलचे तंतू फार बारीक. ते पंख्यातून जाऊन हीटसिंकच्या पात्यांवर गादी घालतात. हवा कोंडली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, त्यात कारखान्याचा पत्रा. माझ्या भावाच्या लॅपटॉपमधून निघालेल्या गादीवर मांजर झोपली असती. पंखा उघडलाच आहे तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यायला सांगा, खर्च किरकोळ आहे.

काय_बे
सोलापुरी चादर लॅपटॉपच्या आतच विणूलालेत की ह्ये. जीआय टॅग लावा.

पुण्यातला_सोलापूरकर
विषयाला फाटा फोडतोय, पण सांगायला हवं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं. तुमची पाचवी पिढी. म्हणजे चार हजार घालून जे वेगवान कराल त्याला सुरक्षेची अपडेट मिळणार नाहीत, आणि तुम्ही त्यावर जीएसटी आणि बँक चालवता. माझ्या ऑफिसात जुने कंपनी-लॅपटॉप बदलले जातात, आठव्या पिढीचे, ८ जीबी आणि एसएसडीसह. असा नूतनीकरण केलेला एखादा वॉरंटीसह घ्या. तो दुसरा दुकानदार अगदीच चुकीचं सांगत नव्हता.

शेंगाचटणी
पुण्याला गेलं की माणूस लगेच नवं घ्यायला सांगतो.

जुळेसोलापूरकर
मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव सुरक्षा अपडेट दिली आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो. मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर वेगळे पैसे लागत नाहीत, नाहीतर तीस डॉलर. तोवर यंत्र चालवा. आणि एसएसडी वाया जात नाही. साटाची अडीच इंची एसएसडी काढून डेस्कटॉपमध्ये किंवा तशी जागा असलेल्या पुढच्या लॅपटॉपमध्ये बसते, नाहीतर केसिंगमध्ये (यूएसबीने लागणाऱ्या डबीत) घालून बॅकअपला होते. वाया जाईल ती डीडीआर३एल रॅम, कारण पुढच्या पिढ्यांत डीडीआर४ आणि डीडीआर५ आहे. चार हजारांतच ठरवायचं असेल तर एसएसडी आधी घ्यायला हे वेगळंच कारण.

पुण्यातला_सोलापूरकर
हे पटलं. तरी ऑक्टोबरनंतर बँकेचं काम त्यावर नको, एवढं लिहून ठेवा.

लिनक्सवारी
ऑक्टोबरचं टेन्शनच कशाला? विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, एक्सएफसीई वाली, म्हणजे हलकी. ४ जीबीत सुरळीत चालते, अपडेट कायम, पैसा शून्य. मी दोन वर्षं तिच्यावर आहे, विंडोजची आठवणही येत नाही.

हिशेबताई
टॅली?

लिनक्सवारी
वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) चालते असं वाचलंय.

हिशेबताई
वाचलंय की वीस तारखेला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरताना चालवून बघितलंय? टॅली विंडोजसाठी बनवलेली आहे. वर डिजिटल सहीचं टोकन, त्याचा ड्रायव्हर. मुदतीच्या दिवशी पोर्टलच रडत असतं, त्यात आपलं यंत्र रडायला नको. नुसतं ब्राउझिंग, पोरांचा अभ्यास, सिनेमा यासाठी लिनक्स उत्तम, माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर मीच टाकलंय. हिशेबाला नाही.

पत्रिकावाला
+१. आमचं लग्नपत्रिकांचं काम. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीचं, त्यात शेकडो तयार मजकूर पडलेत. नवीन विंडोजवरच ते कुरकुरतं, लिनक्सचं नाव काढलं तर वडील घराबाहेर काढतील. सीझन सुरू झाला की संगणकाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडे नियमच आहे.

लिनक्सवारी
बरं बाबांनो, तुमचा संसार तुम्हाला लखलाभ. पण एसएसडी आली की जुन्या हार्ड डिस्कवर मिंट टाकून खेळून बघा, एवढं तरी करा.

स्क्रूड्रायव्हर
दुरुस्तीचं काम करतो म्हणून चार गोष्टी. मागवाला, रॅम घ्याल तेव्हा जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा. 'पीसी३एल-१२८००' लिहिलेलं असेल. त्यातला 'एल' महत्त्वाचा. डीडीआर३ चालते दीड व्होल्टवर, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. दोन्हींच्या पिना २०४, खाच एकाच जागी, म्हणून साधी डीडीआर३ आत आरामात बसते. पण तुमच्या पिढीच्या प्रोसेसरला ती चालत नाही, पडदा काळाच राहतो. माझ्याकडे असा लॅपटॉप आला होता. गिऱ्हाईक म्हणे मदरबोर्ड गेलाय, दुसरीकडे मोठा खर्च सांगितला होता. रॅम बदलली, चालू. डीडीआर४ चा प्रश्नच नाही, तिच्या पिना २६० आणि खाच वेगळी, ती बसणारच नाही.

उघडायचं असेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, आतली असेल तर तिची जोडणी आधी सोडवा. मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, उरलीसुरली वीज जाते. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, ज्या क्रमाने निघतील त्याच आकारात कागदावर ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वर कीबोर्डला फुगा येतो. दोन स्क्रू बऱ्याचदा खालच्या रबरी पायाखाली लपलेले असतात, झाकण निघत नाही म्हणून सुरी घालू नका.

मागवाला
आमच्यात डीव्हीडी ड्राइव्ह आहे. दुकानदार म्हणे त्या जागी एसएसडी बसवू, हार्ड डिस्क आहे तिथेच राहू दे. हे चालेल का?

स्क्रूड्रायव्हर
उलटं करा. एसएसडी मूळ डिस्कच्या जागी, जुनी डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत, म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्या मापाच्या चौकटीत. काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीची जोडणी जुन्या, कमी वेगाच्या साटाची असते, आणि तिथून बूट करायलाही काही बायोस कटकट करतात. दुकानदार त्या जागी सांगतो कारण डीव्हीडी एका स्क्रूवर निघते, त्याचं काम वाचतं. कॅडी घेताना जाडी मोजा, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर असे दोन प्रकार असतात.

बार्शीलाईट
माझं मत, कॅडीच नको. जुनी डिस्क आत फिरत राहिली की बॅटरी खाते, गरम होते. केसिंगमध्ये घालून यूएसबीने लावा. दहा वर्षांच्या डिस्कवर भरवसा ठेवायचा नसतोच. क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवून तिची तब्येत बघा, पिवळा किंवा लाल इशारा असेल तर आजच माहिती दुसरीकडे काढा, एसएसडीची वाट बघू नका.

मागवाला
बघितलं. पिवळा 'कॉशन' आहे, रीॲलोकेटेड सेक्टर.

बार्शीलाईट
मग हा धागा बंद करा आणि आधी टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या. खराब झालेल्या जागा डिस्कने बदलायला सुरुवात केली आहे. आणखी वर्षभर टिकेल किंवा उद्या जाईल.

हिशेबताई
डेटा घेताना टॅलीचा पूर्ण डेटा फोल्डर घ्या, फक्त एका कंपनीचा नाही. आणि खूप जण विसरतात ते: विंडोज नव्याने टाकणार असाल तर आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा. ते यंत्राशी बांधलेलं असतं. न सोडता फॉरमॅट मारलं की नंतर हेल्पलाइनला फोन करत बसावं लागतं.

पेन्शनर
एक शंका. एसएसडी म्हणे ठरावीक वेळाच लिहिता येते, मग संपते. पेन्शनच्या कागदांचं काय होईल?

बार्शीलाईट
खरं आहे, पण त्या ठरावीकचा आकडा बघा. ४८०-५०० जीबीच्या साध्या एसएसडीवर कंपनी १२० टीबीडब्ल्यूच्या पुढची हमी देते, म्हणजे १२० टेराबाइट लिहून होईपर्यंत. रोज २० जीबी लिहिलेत, जे तुमच्या-माझ्याकडून होत नाही, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट. सोळा वर्षं. तोवर लॅपटॉपचं बिजागर तुटलेलं असेल. धोका वेगळा आहे. हार्ड डिस्क जाताना टक-टक आवाज करते, सावध करते. एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा न सांगता जाते. म्हणून कागदांची दुसरी प्रत हवीच. आणि महिनोन्महिने वीज न देता कपाटात ठेवायला एसएसडी बरी नव्हे, कायमच्या साठ्याला तुमची जुनी हार्ड डिस्कच बरी. पण मागवाल्यांची नको, ती आजारी आहे.

पेन्शनर
सोळा वर्षं पुरे झाली. मलाही तेवढीच लागतील.

शेंगाचटणी
काका, शंभरी गाठा. धागा पुन्हा वर काढू.

होटगीरोड
कोणती घ्यावी यावर कोणीच बोललं नाही. टीएलसी (चिपच्या एका पेशीत तीन बिट) की क्यूएलसी (चार बिट)?

जुळेसोलापूरकर
हिशेबाच्या लॅपटॉपला नावाजलेल्या कंपनीची टीएलसी घ्या, तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी, पक्कं जीएसटीचं बिल. क्यूएलसी मोठ्या फायली सलग लिहिताना मध्येच मंदावते. ऑनलाइन कुठल्याशा नावाची १ किंवा २ टेराबाइट एसएसडी निम्म्या भावात दिसली तर लांब राहा. आत लहान चिप बसवून खोटी क्षमता दाखवणारे प्रकार फार आहेत. तिच्यात फाइल जाते, नाव दिसतं, उघडायला गेलं की काही नाही.

सध्या भावही वेगळेच आहेत. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि डीडीआर४, डीडीआर५, एसएसडी सगळं महागलं. २०२५ च्या दिवाळीच्या आधीचा भाव दुकानदाराला सांगून भांडू नका, तो खोटं बोलत नाहीये.

काय_बे
म्हणजे एआयने कविता लिहिल्या आणि आमची रॅम महागली. लई भारी.

स्क्रूड्रायव्हर
डीडीआर३एल जुन्या लॅपटॉपांतून काढलेली चालेल. रॅम झिजत नाही. फक्त घेताना परत देण्याची बोली करा आणि घरी आणून रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एकही चूक दाखवली तर सकाळी परत.

मागवाला
आता क्लोन करू की नवं विंडोज? दुकानदार म्हणे क्लोन, सगळं जसंच्या तसं येईल.

स्क्रूड्रायव्हर
डिस्कला 'कॉशन' आहे ना? क्लोन करताना खराब जागेवर अडकेल, किंवा खराब फाइल तशीच नव्या घरात येईल. शिवाय तुमची ५०० जीबी आणि एसएसडी ४८० असेल तर क्लोनझिला (क्लोन करायचं मोफत सॉफ्टवेअर) आधीच नकार देतं, लक्ष्य लहान आहे म्हणून. विंडोजमध्ये ५०० च्या जागी ४६५ दिसतं आणि ४८० च्या जागी ४४७, तेवढा फरक. आधी विभाग आक्रसावे लागतात, आणि आजारी डिस्कवर तो खेळ नको. नवं टाका. विंडोज १० मूळ परवान्याचं असेल तर त्याच मदरबोर्डवर इंटरनेट लागताच आपोआप सक्रिय होतं, कुठलीही चावी लागत नाही. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही.

लिनक्सवारी
बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या. जुन्या डिस्कवरची माहिती दुसऱ्या यंत्रावर वाचताना तीच मागते.

पत्रिकावाला
आणि ब्राउझरमधले पासवर्ड. सगळ्यांच्या लक्षात येतं, ते दुसऱ्या दिवशी.

पुण्यातला_सोलापूरकर
विषयाला सोडून: येत्या शनिवारी सोलापूरला येतोय. कोणाला पुण्याहून रॅम हवी असेल तर सांगा, वंदे भारतने येताना आणतो. बदल्यात शेंगा चटणी. सदस्य नव्हे, खरी.

शेंगाचटणी
मी बदल्यात जायला तयार आहे, तिकडे ऊन कमी.

मागवाला
मंडळी, काम झालं. डेटा आधी काढला, टॅली सरेंडर केली, ४८० ची टीएलसी एसएसडी घेतली, पक्कं बिल. उघडायला ओळखीच्या मुलाला बसवलं. रबरी पायाखाली स्क्रू होतेच. पंख्यातून जे निघालं त्याचा फोटो टाकत नाही, व्यवसायाची बदनामी होईल. विंडोज नवं टाकलं, आपोआप सक्रिय झालं. आता बटण दाबून खुर्ची ओढेपर्यंत डेस्कटॉप समोर.

हिशेबताई, तुमचंही खरं निघालं. क्रोमचे दहा टॅब, टॅली आणि मोठी एक्सेल एकदम उघडली की मेमरी ९२ टक्के जाते. अडकत नाही, पण टॅब बदलताना क्षणभर थांबतं. पुण्याहून ८ ची एक पीसी३एल पट्टी मागवली आहे. ४ ची जुनी शेजारी राहू देऊ का काढू?

जुळेसोलापूरकर
राहू द्या. ४ आणि ८ मिळून १२. दोन्ही सारख्या नसल्या तरी चालतात, वेग कमी असलेल्या पट्टीचा धरला जातो. दोन पट्ट्या झाल्या की मेमरीचे दोन मार्ग मिळतात, आतल्या ग्राफिक्सला थोडा फायदाच होतो.

हिशेबताई
अभिनंदन. ऑक्टोबर लक्षात ठेवा.

बार्शीलाईट
जुन्या डिस्कचं काय केलंत? भंगारात देणार असाल तर नुसतं फॉरमॅट करून देऊ नका. माहिती तशीच राहते, मोफत सॉफ्टवेअरने परत काढता येते. व्यापाऱ्यांचे बँक तपशील असतील. पूर्ण पुसून द्या, नाहीतर ड्रिलने आरपार भोक.

मागवाला
ड्रिल कारखान्यात आहेच. बँकेची कागदपत्रं कोणाच्या हाती नकोत.

होटगीरोड
याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. माझा लॅपटॉप २०१९ चा, आठवी पिढी, हार्ड डिस्क आहे पण आत एक एम.२ स्लॉट रिकामा आहे म्हणतात. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) घेऊ का?

स्क्रूड्रायव्हर
घाई नको. एम.२ हा फक्त स्लॉटचा आकार. काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही एनव्हीएमई, काही दोन्ही. एनव्हीएमई पट्टीच्या टोकाला बहुतेक एकच खाच असते, साटावालीला बऱ्याचदा दोन. पण पट्टी बसली म्हणजे चालली असं नव्हे. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा, त्यात कोणती चालते ते लिहिलेलं असतं, लांबीही, २२४२ की २२८०. खालचं झाकण उघडून स्लॉटचा फोटो टाका, मग बोलू.

होटगीरोड
झाकणाचा एक स्क्रू फिरून-फिरून गुळगुळीत झालाय.

स्क्रूड्रायव्हर
मग आधी तो. स्क्रूच्या डोक्यावर रुंद रबर बँड ठेवून वरून दाबून फिरवा, पकड येते. नाही आला तर लॅपटॉप घेऊन या, पण पत्रिकांचा सीझन संपल्यावर. सध्या पत्रिकावाल्यांचेच तीन पडलेत माझ्याकडे.

पत्रिकावाला
नियम मोडला वडिलांनीच, मी नाही.